परवाना आणि पाणी : इराणी लघुचित्रांतील जलप्रवास व लुटीचा नैतिक प्रश्न

१

सेंट ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'ईश्वराचे नगर' या ग्रंथात सिकंदर आणि एक समुद्री चाचा यांच्या भेटीची कथा आली आहे. पकडून आणलेल्या चाच्याला सिकंदर त्याच्या कृत्याचा जाब विचारतो. चाच्याच्या उत्तराचा आशय असा, की दोघांचा उद्योग एकच आहे. मात्र एकाजवळ लहानसे गलबत असल्यामुळे तो दरोडेखोर ठरतो आणि दुसऱ्याजवळ मोठे आरमार असल्यामुळे तो सम्राट ठरतो. ही कथा ऑगस्टीनच्या आधी सिसेरोला ठाऊक होती. ऑगस्टीनने ती एका विशिष्ट निष्कर्षासाठी वापरली : न्याय वगळला, तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत उरणारा भेद आकाराचा असतो. पाश्चात्त्य राज्यमीमांसेत या कथेचा पुनःपुन्हा उल्लेख होत आला आहे, कारण सत्तेच्या अधिमान्यतेचा प्रश्न तीत त्याच माणसाच्या तोंडून विचारला जातो, ज्याला ती सत्ता शिक्षा करू पाहत असते.

फारसी काव्यपरंपरेत हाच सिकंदर 'इस्कंदर' या नावाने वावरतो आणि तोही समुद्रावर जातो. फिरदौसी, निजामी आणि अमीर खुसरो या तिघांनी त्याच्या भ्रमंतीची कथा रचली. चित्रकारांनी ती शतकानुशतके रंगवली. अकबराच्या दरबारात १५९७-९८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या अमीर खुसरोच्या 'खम्सा'च्या प्रतीतील एका चित्रात इस्कंदर काचेच्या पात्रात बसून समुद्राच्या तळाकडे उतरताना दिसतो. या समुद्रात आश्चर्ये आहेत, जलचर आहेत, मानवी जिज्ञासेच्या मर्यादेचे भान आहे. परंतु ऑगस्टीनचा चाचा तेथे इस्कंदरला सामोरा येत नाही. इराणी अभिजात काव्यग्रंथांच्या चित्रांत दरोडेखोर आहेत, पण ते बहुधा जमिनीवरचे. सादीच्या 'गुलिस्तान'च्या पहिल्याच प्रकरणात डोंगरमाथ्यावर ठाण मांडून काफिले लुटणारी टोळी आहे. समुद्रावरचा लुटारू मात्र या चित्रसृष्टीत जवळजवळ अनुपस्थित आहे.

या अनुपस्थितीचा अन्वयार्थ कसा लावायचा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. चाचा नाही म्हणून चाच्याचा प्रश्नही नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. एखाद्या चित्रपरंपरेने कोणती व्यक्तिरेखा गाळली यापेक्षा, त्या व्यक्तिरेखेने विचारायचा प्रश्न तिने कोणाच्या ठायी ठेवला, हे पाहणे अधिक फलदायी असते. इराणी लघुचित्रांत तो प्रश्न पाण्याच्या काठावर उभा आहे, आणि तो विचारायला लावणारा माणूस लुटारू नसून नावाडी, नदीचा पहारेकरी किंवा जकातदार आहे.

२

येथे एका आक्षेपाचा विचार आधी करणे आवश्यक आहे. तब्रीझ, हेरात, शिराझ, कझवीन ही इराणी लघुचित्रांची प्रमुख केंद्रे समुद्रापासून दूर आहेत. तेथील कारखान्यांत बसून काम करणाऱ्या अनेक चित्रकारांनी समुद्र कधी पाहिलाही नसेल. तेव्हा चाचा चित्रांत न येण्यामागे भूगोलापलीकडचे काही कारण शोधणे अनाठायी आहे, असा हा आक्षेप.

नौकांच्या बाह्य रूपापुरता तो मान्य करावा लागतो. याबाबतीत अरबी चित्रपरंपरेशी केलेली तुलना उद्बोधक आहे. अल्-हरीरीच्या 'मकामात'ची जी प्रत याह्या अल्-वासितीने १२३७ मध्ये बगदाद येथे लिहून चित्रित केली, तीत ओमानकडे निघालेल्या जहाजाचे एक प्रसिद्ध चित्र आहे. फळ्या दोरीने शिवून बांधलेले तारू, त्याचे सुकाणू, नांगर, झरोक्यांतून डोकावणारे उतारू आणि वर काम करणारे श्यामवर्ण खलाशी हा सर्व तपशील इतका बारकाईने आला आहे, की हिंदी महासागरातील नौकाबांधणीचे अभ्यासक आजही त्या चित्राकडे पुरावा म्हणून पाहतात. पुढच्या शतकांतील इराणी चित्रांत जहाज असे वापरातले वाटत नाही. ते अलंकृत असते, त्याची वरची बाजू एखाद्या मंडपासारखी सजवलेली असते, आणि ते बुडेल की तरेल हे त्याच्या बांधणीवरून सांगता येत नाही.

पाण्याचीही तीच गोष्ट. इराणी चित्रकार नदी, ओढा, समुद्र रंगवताना पुष्कळदा चांदीचा वापर करीत. ती झळाळी हवेच्या संपर्काने टिकली नाही. आज अनेक चित्रांतील पाणी करडे किंवा काळे दिसते. मूळ प्रेक्षकाने जे पाणी प्रकाश परावर्तित करणारे, जवळजवळ आरशासारखे पाहिले, तेच आजच्या अभ्यासकाला काळोखाच्या पट्ट्यासारखे दिसते. या चित्रांतील पाणी धोक्याचे वाटते की शोभेचे, याविषयी बोलताना हा फरक विसरून चालत नाही. आज जाणवणारा भयभाव काही अंशी धातूवर झालेल्या काळाच्या परिणामातून आलेला असू शकतो.

तथापि भूगोलाचा आक्षेप येथेच संपतो. समुद्र न पाहिलेल्या चित्रकाराला जहाजाचा नांगर चुकीचा काढणे क्षम्य आहे. पण पाण्यापाशी आलेल्या माणसाला कोण अडवते, कशाच्या बळावर अडवते आणि अडवलेला माणूस काय करतो, ही रचना भूगोलावर अवलंबून नाही. ती नैतिक कल्पनेची रचना आहे. आणि त्या बाबतीत ही चित्रपरंपरा अजिबात अनभिज्ञ नाही.

३

फिरदौसीच्या १०१० मध्ये पूर्ण झालेल्या 'शाहनामा'त नदी ओलांडण्याचे दोन प्रसंग आहेत, आणि दोन्ही चित्रकारांच्या आवडीचे आहेत. पहिला फरीदूनचा. खांद्यांवर साप वागवणाऱ्या जुलमी जहाकविरुद्ध निघालेला फरीदून अर्वंद नदीपाशी, म्हणजे तैग्रिसपाशी, येतो आणि नदीच्या पहारेकऱ्याकडे नावा मागतो. पहारेकरी नकार देतो. राजाची मोहर असलेल्या परवान्याखेरीज कोणालाही पार होऊ देऊ नये, अशी त्याला आज्ञा आहे, आणि तो राजा म्हणजे जहाक. फरीदून संतापतो, कंबर कसतो आणि घोडा थेट पाण्यात घालतो. त्याचे सोबती त्याच्यामागून जातात.

दुसरा प्रसंग कैखुस्रौचा. सियावुशचा हा मुलगा, त्याची आई फरंगीस आणि त्यांना शोधून काढणारा पहिलवान गीव तुराणातून इराणकडे पळत असताना जैहून नदीपाशी पोहोचतात. मागे अफ्रासियाबचे सैन्य आहे, पुढे वसंतातला पूर. येथे परवान्याचा प्रश्न नाही. उतारावर जकातदार आहे, नाव आहे, आणि जकात देऊन पलीकडे जाण्याचा रिवाजही आहे. पण जकातदार जे मागतो ते रिवाजातले नव्हे. गीवचे चिलखत, काळा घोडा, ती स्त्री किंवा मुकुटाचा धनी असलेला तो मुलगा, या चारांपैकी एक त्याला हवे आहे. गीव नकार देतो, फरीदूनच्या उदाहरणाची आठवण करून देतो, आणि तिघेही घोड्यांवरून पुरात उतरून सुखरूप पार होतात.

वरवर पाहता हे दोन प्रसंग एकाच साच्याचे आहेत, आणि चित्रांतही ते पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतात. तथापि नैतिक दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. फरीदूनला अडवणारा पहारेकरी स्वतःसाठी काही मागत नाही. तो आज्ञाधारक आहे. त्याचा दोष असलाच, तर ज्याची आज्ञा तो पाळतो त्या माणसात आहे. कायदा आहे, पण कायदा करणारा जुलमी आहे. कैखुस्रौला अडवणारा जकातदार याच्या नेमका उलट आहे. त्याच्या पदाविषयी कोणाचीही तक्रार नाही. नदीवर नाव असावी आणि नावेला मोल पडावे यात अन्याय नाही. परंतु समोरच्याच्या निकडीचा अंदाज घेऊन तो जकातीची खंडणी करतो. पहिल्या ठिकाणी अधिकाराचा उगम दूषित आहे, दुसऱ्या ठिकाणी अधिकाराचा वापर. ऑगस्टीनच्या चाच्याने सम्राट आणि दरोडेखोर यांना एकाच पंक्तीला बसवले. फिरदौसीने त्या दोघांच्या मध्ये असलेला, सत्तेच्या नावाने नाव राखणारा लहान माणूस पुढे आणला. लूट कोठून सुरू होते, हे ठरवणे ज्याच्या बाबतीत सर्वांत अवघड आहे, असा हा माणूस आहे.

फिरदौसी त्याला तेथेच सोडून देत नाही, ही लक्षणीय गोष्ट आहे. नदी पार झाल्याचे पाहून जकातदार पस्तावतो, भेटी घेऊन नावेने त्यांच्यामागे जातो आणि गीवकडून निर्भर्त्सना ऐकून परत येतो. तोवर अफ्रासियाब काठावर आलेला असतो, आणि हा 'देव', म्हणजे राक्षस, पाण्यावरून कसा गेला असे तो जकातदारालाच दरडावून विचारतो. जकातदाराच्या उत्तराचा सारांश असा, की त्याचा बाप जकातदार होता, तोही जकातदार आहे. जैहूनचे पाणी जमिनीसारखे करून कोणी गेल्याचे त्याने कधी पाहिले नाही की ऐकले नाही. ज्याने वाट अडवली, त्याच्याच तोंडून त्या वाटेची साक्ष येते. पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करणाऱ्या माणसाला आपल्या अनुभवाच्या कक्षेबाहेरचे काही दिसले, एवढेच त्याला सांगायचे आहे. तो त्याला चमत्कारही म्हणत नाही आणि राक्षसी कृत्यही म्हणत नाही. नावे देण्याचे काम राजे करतात.

४

चित्रकाराला या आख्यानातून एक क्षण निवडावा लागतो. तो क्षण बहुधा पाण्यातला असतो : घोडे छातीपर्यंत बुडालेले, स्वार निश्चल, काठावर नावाडी किंवा त्याची नाव. संवाद संपलेला असतो. नकार देऊन झालेला असतो, जकातीची घासाघीस झालेली असते, आणि त्यांतील कोणतीही गोष्ट चित्रात दाखवता येत नाही. परिणामी कायदा कोणाच्या बाजूने होता, हे चित्रावरून कळत नाही. काव्य न वाचलेल्या प्रेक्षकाला एवढेच दिसते, की नाव असताना काही माणसे घोड्यांवरून पाण्यात शिरली आहेत.

इराणी लघुचित्राच्या अवकाशरचनेचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. क्षितिज उंचावर असते, दूरची आकृती लहान करण्याचा नियम नसतो, छाया नसतात. प्रकाश सर्वत्र सारखा पडतो. राजाच्या वस्त्रावरील नक्षी ज्या बारकाईने रंगवली जाते, त्याच बारकाईने नावाड्याचा पटका आणि काठावरचे गवतही रंगवले जाते. याचा अर्थ ही चित्रे समतावादी आहेत असा नव्हे. त्यांचा आश्रयदाता राजा किंवा राजपुत्र आहे, विषय राजाचा आहे, आणि चित्राच्या केंद्रभागी कोण असावे याविषयी संदिग्धता नाही. परंतु त्यांच्या दृश्यभाषेत निंदेची साधने तोकडी आहेत. काळोखात ढकलून, आकार खुजा करून किंवा चेहरा विद्रूप करून एखाद्याला दोषी ठरवण्याची सोय या शैलीत फारशी नाही. राक्षसांचा अपवाद सोडला, तर शत्रूही तितकाच देखणा असतो. काठावरचा नावाडी म्हणून दोषी दिसत नाही. तो पाहणारा दिसतो. चित्र पाहणाऱ्याची जागा आणि त्याची जागा एकच होते.

काव्याने दिलेले उत्तर यामुळे चित्रात थोडे सैल होते. ते उत्तर 'फर्र' या संकल्पनेवर आधारलेले आहे. फर्र म्हणजे राजाच्या ठायी वसणारे ईश्वरदत्त तेज. ते ज्याच्या ठायी आहे त्याला पाणी बुडवीत नाही. ऑगस्टीनच्या चाच्याला 'भेद केवळ आकाराचा' असे म्हणता आले. शाहनामाची परंपरा म्हणेल की भेद फर्रचा आहे. पण हे उत्तर प्रश्न सोडवते का? कैखुस्रौच्या ठायी फर्र आहे हे नदी पार झाल्यावर सिद्ध होते, आणि फर्र असल्यामुळे तो नदी पार होतो. हे चक्राकार प्रमाण आहे. यशालाच अधिकाराचा पुरावा मानले, तर पुरात तगलेला कोणताही दरोडेखोर राजा ठरेल. अफ्रासियाबने त्याच घटनेला राक्षसी म्हणावे, यातच ही अडचण उघड होते : कृत्य एक, नावे दोन.

फिरदौसीला ही अडचण जाणवली असावी, असे मानायला जागा आहे. त्याच्या काव्यात फर्र हे कायमचे वतन नाही. जमशीदसारखा महान राजा गर्वाने फुगतो तेव्हा फर्र त्याला सोडून जाते, आणि त्याच पोकळीतून जहाक सत्तेवर येतो. म्हणजे फर्रला एक नैतिक अट जोडलेली आहे. मात्र ती अट पाळली जाते की नाही हे ठरवणारी कोणतीही संस्था, कोणतेही न्यायपीठ त्या जगात नाही. निर्णय घटनांतून, बहुधा उशिरा, कळतो. दरम्यान काठावरच्या माणसाने काय करावे? समोरचा स्वार फरीदून आहे की साधा बंडखोर, हे पहारेकऱ्याने कशावरून ओळखावे? जुलमी राजाची आज्ञा मोडण्याचे नैतिक कर्तव्य त्याच्यावर येते, असे म्हणणे सोपे आहे. पण ते कर्तव्य त्याला कळवणारे फर्रचे तेज त्याला पाण्यात उतरल्यावरच दिसणार असते. काव्य त्याच्याकडून अशा ज्ञानाची अपेक्षा करते, जे काव्याच्या श्रोत्यालाच उपलब्ध आहे. चित्र ही अपेक्षा करीत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा म्हणावा लागेल.

५

राजाच्या फर्रचा आधार काढून घेतला तर काय उरते, याचा विचार तेराव्या शतकात सादीने केलेला दिसतो. त्याच्या 'बुस्तान'मध्ये, म्हणजे १२५७ च्या काव्यात, फारियाबच्या एका वृद्ध दरवेशाची कथा आहे. निवेदक आणि दरवेश पाण्यापाशी येतात. निवेदकाजवळ एक दिरहम असतो. त्याला नावेत घेतात. दरवेशाजवळ काही नसते. त्याला काठावर सोडून देतात. निवेदक रडू लागतो, आणि दरवेश हसून त्याची समजूत काढतो. जो नाव तारतो तोच आपल्यालाही तारील, असा त्याच्या बोलण्याचा आशय. मग तो नमाजाची चटई पाण्यावर अंथरतो आणि पार होतो.

शाहनामाच्या दोन प्रसंगांचे हे रूपांतर आहे, असे म्हणण्यास ऐतिहासिक पुरावा लागेल. रचनेचे साम्य मात्र स्पष्ट आहे. पाणी, नाव, नकार आणि नावेविना पार जाणे हे चारही घटक येथे आहेत. बदलला आहे तो पार जाणारा. मुकुटाच्या ठिकाणी दारिद्र्य आले, फर्रच्या ठिकाणी ईश्वरनिष्ठा आली. परंतु याहून महत्त्वाचा बदल निवेदकाच्या स्थानात आहे. शाहनामात श्रोता राजासोबत पाण्यात उतरतो. येथे निवेदक नावेत बसलेला आहे. त्याने अन्याय केला नाही, पण अन्यायाच्या आधारे चालणाऱ्या व्यवस्थेचा तो लाभार्थी आहे. त्याच्याजवळ दिरहम होता. तो रडतो, पण उतरत नाही. चित्रात ही विभागणी फार नेमकी उतरते : एका बाजूला भरलेली नाव, दुसऱ्या बाजूला एका चटईवर एकटा माणूस, आणि दोघांच्या मध्ये तेच पाणी.

'गुलिस्तान'मधील, म्हणजे १२५८ मधील, गुलामाची कथा याहून अस्वस्थ करणारी आहे. राजाच्या नावेत एक गुलाम प्रथमच समुद्रावर आलेला असतो. तो भीतीने थरथरतो, रडतो, आणि त्यामुळे राजाचा विरस होतो. एक ज्ञानी पुरुष राजाच्या परवानगीने त्याला पाण्यात फेकवतो. गटांगळ्या खाऊ लागल्यावर केसांना धरून त्याला वर घेतले जाते, आणि मग तो एका कोपऱ्यात मुकाट बसतो. सुखाची किंमत संकट सोसल्यावरच कळते, हे कथेचे तात्पर्य. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा शहाणपणाची म्हणून शिकवली गेली.

मात्र ती चित्रात आणली की तात्पर्य हातून निसटते. तात्पर्य नंतरच्या क्षणात आहे, कोपऱ्यातल्या शांततेत आहे. पाण्यातला क्षण निवडला, तर दिसतो तो बुडणारा माणूस आणि त्याच्याकडे पाहणारी सुखवस्तू मंडळी. ज्याच्या आरामासाठी हा प्रयोग झाला तो राजा, ज्याने तो सुचवला तो ज्ञानी, आणि ज्याच्या शरीरावर तो झाला तो गुलाम हे तिघे एका दृष्टिक्षेपात येतात. कथेत 'शिक्षण' असलेली कृती चित्रात बळजबरी दिसते. गद्याने झाकलेला प्रश्न असा : गुलाम शांत झाला तो सुरक्षिततेचे मोल कळल्यामुळे, की रडल्यास पुन्हा फेकले जाऊ हे कळल्यामुळे? चित्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते फक्त तात्पर्याची सोबत काढून घेते.

६

काव्यातील पाण्यावरून इतिहासातील पाण्याकडे वळले की परवान्याचा प्रश्न रूपकाचा राहत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला. तो घेतल्याशिवाय निघालेले, ठरवून दिलेल्या बंदरात जकात न भरलेले जहाज पकडून लुटण्यास ते आपण मोकळे आहोत असे समजत. गोवा आणि दीव यांच्याबरोबर इराणी आखाताच्या मुखावरील होर्मुझ हे या व्यवस्थेचे एक प्रमुख ठाणे होते. जहाकच्या मोहरेशिवाय नाव न सोडणारा पहारेकरी आता तोफा घेऊन उभा होता. १६२२ मध्ये शिराझचा सुभेदार इमामकुली खान याच्या फौजेने, इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन, होर्मुझ जिंकले. या विजयावर कद्री नावाच्या कवीने शाहनामाच्या धर्तीचे 'जरूननामा' हे काव्य रचले. जरून हे होर्मुझ बेटाचे जुने नाव. १६९७ ची त्याची एक सचित्र प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुराणकथेतील राजांसाठी घडवलेली वीरकाव्याची चौकट येथे समकालीन समुद्री युद्धाला लावली गेली आहे. मात्र या विजयात जहाजे इंग्रजांची होती, आणि पुढे परवाने देण्याचा हक्क तेही सांगू लागले, ही गोष्ट त्या चौकटीत मावणारी नव्हती.

इराणी शैलीतून विकसित झालेल्या मुघल चित्रकलेत याचे दुसरे टोक दिसते. गुजरातचा सुलतान बहादुरशाह फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवपाशी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याला भेटण्यासाठी त्याच्या जहाजावर गेला आणि परत फिरताना झालेल्या चकमकीत समुद्रात मारला गेला. 'अकबरनामा'च्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्रतीत लाल या चित्रकाराच्या नावावर या प्रसंगाचे चित्र आहे. राजा पाण्यात आहे, भोवती नौका आहेत, आणि यावेळी पाणी त्याला तारीत नाही. फरीदून-कैखुस्रौच्या चित्रांची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही रचना ओळखीची वाटली असणार; म्हणूनच तिची उलटापालट अधिक जाणवते. बहादुरशाहच्या ठायी फर्र नव्हते, असा निष्कर्ष काढावा काय? मुघल इतिहासकाराला तो सोयीचा होता, कारण बहादुरशाह हुमायूनचा शत्रू होता. परंतु भेटीस आलेल्या माणसाचा असा अंत होणे ही विश्वासघाताची बाब आहे, आणि मृताच्या राजकीय पक्षावरून तिचे नैतिक मूल्य बदलत नाही.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. बंदर, दर्या, दर्यावर्दी, दस्तक हे मराठीतले शब्द फारसीतून आलेले आहेत. नाखवा हा शब्दही फारसी नाखुदाचेच रूप. त्या शब्दांसोबत तोच प्रश्नही या किनाऱ्यावर उतरला. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत चाचा म्हटले. आंग्रे दस्तक देत, आणि दस्तकाविना निघालेली जहाजे पकडीत. इंग्रजही आपल्या परवान्याविषयी हेच करीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कौल घेतलेल्या सावकारांना उपद्रव होऊ नये असा कटाक्ष आहे. म्हणजे येथेही परवाना हाच सत्ता आणि लूट यांतील सीमारेषा मानला गेला. ती रेषा ओढणारा हात कोणाचा, यावर नाव ठरले. आंग्र्यांच्या बाबतीत ऑगस्टीनच्या चाच्याचे उत्तर बरेचसे खरे ठरते. परंतु ते पूर्ण खरे मानले, तर कौल पाळणारा आणि कौल मोडणारा यांत भेद करण्याचे साधनच हातून जाते. 'सर्वच लुटारू' ही भूमिका दुर्बलाला न्याय देते असे वाटते. वस्तुतः ती ज्याला लुटले गेले त्याची तक्रार निरर्थक ठरवते.

७

शेवटी एका जहाजाचा उल्लेख आवश्यक आहे. शाहनामाच्या प्रस्तावनेत फिरदौसीने जगाची कल्पना समुद्रासारखी केली आहे. त्यावर सत्तर जहाजे आहेत, आणि त्यांतील एका मोठ्या, सजवलेल्या जहाजात प्रेषित मुहम्मद व अली आहेत. तरायचे तर याच जहाजात चढले पाहिजे. सफवी बादशाह शाह तहमास्प याच्यासाठी तब्रीझ येथे तयार झालेल्या शाहनामाच्या प्रतीत या रूपकाचे चित्र आहे. ते १५३० ते १५३५ च्या सुमाराचे असून मिर्झा अली याचे मानले जाते. शिया पंथ राजधर्म झालेल्या दरबारात या चित्राचा संदेश स्पष्ट होता : बाकीची जहाजे बुडणार आहेत. तथापि चित्रकाराने सत्तर जहाजे काढली नाहीत. मोजकीच काढली, आणि बुडणार असलेल्या जहाजांतील माणसांनाही तितक्याच ममतेने रंगवले. सिद्धान्त त्यांना दोषी ठरवतो. रंग आणि रेषा ठरवीत नाहीत.

या चित्राचा पुढचा प्रवासही विचारात घेण्याजोगा आहे. २५८ चित्रांची ही प्रत १५६८ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा सलीम याला भेट म्हणून गेली. १९५९ मध्ये ती आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने घेतली, आणि १९७० च्या दशकात तिची पाने सुटी झाली. काही न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाली, त्यांत जहाजाचे हे पानही होते. काही लिलावात गेली. उरलेली ११८ चित्रे १९९४ मध्ये विलेम द कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परत मिळाली. या व्यवहारांत कोणीही कायदा मोडला नाही. मालकी होती, पावत्या होत्या, परवाने होते. तरीही एक ग्रंथ नाहीसा झाला, आणि ज्या हानीला चोरी म्हणता येत नाही, तिला काय म्हणावे हा प्रश्न उरला.

परवान्याने लूट आणि अधिकार यांत फरक होतो, ही धारणा सोडून देणे शक्य नाही. तिच्याविना नावेचा नावाडी आणि वाटमाऱ्या एकच ठरतात. परंतु परवाना असल्याने प्रश्न संपतो, ही धारणाही टिकत नाही. जहाकची मोहर, जकातदाराची मागणी, दरवेशाजवळ नसलेला दिरहम, कार्ताझ आणि लिलावाची पावती या सर्वांच्या मागे कोणता ना कोणता नियम उभा होता. इराणी लघुचित्रांनी समुद्रावर चाचा काढला नाही, त्यामुळे दोष एका माणसावर ढकलून मोकळे होण्याची वाट त्यांनी प्रेक्षकाला ठेवली नाही. काठावर उभा असलेला जकातदार आपण जे पाहिले तेवढेच सांगतो. त्याने आधी काय मागितले होते, हे मात्र चित्रात दिसत नाही. ते प्रेक्षकाने लक्षात ठेवायचे असते.